आम्ही काढलेलं आयएनजी (ing) परत टाकू नका (फाईल पाठवण्याआधी एवढं वाचा)

आमच्याकडे रेझ्युमे, कव्हर लेटर, कंपनी प्रोफाईल, वेबसाईटचा मजकूर, ऑफिसची मेल असं काहीही इंग्रजी तपासायला देणाऱ्या सगळ्यांसाठी हे आहे. नवीन असाल तर वाचा, जुने असाल तर जरा जास्तच नीट वाचा, कारण हा घोळ जास्त करून जुन्या लोकांकडूनच होतो.

होतं काय, तुम्ही लिहिता 'आय ॲम हॅविंग 5 इयर्स ऑफ एक्स्पिरियन्स', आम्ही करून देतो 'आय हॅव', आणि तीच फाईल 'फायनल फायनल' नावाने परत येते तेव्हा हॅविंग पुन्हा आपल्या जागी बसलेलं असतं. मधल्या काळात कुणीतरी सांगितलेलं असतं की आत्ताचं आहे ना, मग कंटिन्युअसच पाहिजे, म्हणजे ॲम, इज, आर आणि पुढे आयएनजी लावलेलं क्रियापद. बरं, तेवढा एकच शब्द फिरवलाय की अजून दहा ठिकाणी हात लावलाय ते कळायला मार्ग नाही, कारण ट्रॅक चेंजेस (वर्डमधली, केलेला प्रत्येक बदल दाखवणारी सोय) बंद केलेलं असतं, म्हणजे आम्हाला पहिल्या ओळीपासून सगळं परत वाचायला लागतं आणि तुम्ही तिकडे विचारताय की एवढा वेळ का.

तर मुद्दा असा की कंटिन्युअस म्हणजे 'आत्ताचं' नाही. एखादं काम त्या वेळी चालू आहे, सुरू झालंय पण संपलेलं नाही, आपण त्याच्या मधोमध आहोत, हे सांगायला ते वापरायचं. अनुभव असणं, गाडी असणं, एखादी गोष्ट माहीत असणं ही कामं नाहीत, ती स्थिती आहे, त्याला मधोमध नसतो. म्हणून नो (माहीत असणं), अंडरस्टँड, बिलीव्ह, वॉन्ट, नीड, ओन, बिलाँग, कन्टेन, कन्सिस्ट ही मंडळी सहसा आयएनजी घेत नाहीत. आम्ही एक सोपी ट्रिक वापरतो, ती तुम्हीही वापरा: समोरच्याला 'हे करणं थांबव' असं सांगता येतं का बघा. लिहिणं थांबव म्हणता येतं, माहीत असणं थांबव म्हणता येत नाही. शंभर टक्के चालते असं नाही पण बहुतेक वेळा वाचवते.

गंमत म्हणजे हॅव दोन्हीकडे चालतं आणि त्यामुळेच गोंधळ होतो. 'वी आर हॅविंग अ मीटिंग' एकदम बरोबर, कारण तिथे हॅव म्हणजे मीटिंग चालू आहे, आपल्या मालकीची नाही. पण 'शी हॅज अ बेबी' म्हणजे तिला बाळ आहे आणि 'शी इज हॅविंग अ बेबी' म्हणजे तिला बाळ होणार आहे. आता तुम्हीच बघा, फॉर्मवर 'आय ॲम हॅविंग टू चिल्ड्रन' लिहिलं तर वाचणाऱ्याला जुळी होणार आहेत असं वाटू शकतं. थिंकचं पण तसंच, 'आय थिंक इट्स गुड' हे मत झालं आणि 'आय ॲम थिंकिंग ऑफ चेंजिंग माय जॉब' म्हणजे विचार चालू आहे. 'ही इज रूड' म्हणजे माणूसच उद्धट आहे, 'ही इज बीइंग रूड' म्हणजे आत्ता तसा वागतोय. तक्रारीच्या मेलमध्ये या दोघांत बराच फरक पडतो, म्हणून तिथे आम्ही आधी फोन करून विचारतो की तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय.

आपल्याला हे का जमत नाही त्याला कारण आहे. मराठीत 'मला कळतंय', 'मला वाटतंय', 'मला दिसतंय' सगळं बिनदिक्कत चालतं, मग तोच साचा घेऊन 'आय ॲम अंडरस्टँडिंग' बाहेर पडतं. त्याहून मोठा घोळ 'पासून'चा. 'मी 2019 पासून इथे काम करतोय' मराठीत एकदम सरळ वाक्य आहे, पण 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स 2019' चुकतं, तिथे 'आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स 2019' लागतं कारण गोष्ट मागे सुरू होऊन आजपर्यंत आली आहे आणि इंग्रजीला तो मागचा धागा दाखवायलाच लागतो. फॉरचं पण तेच, 'हॅव बीन वर्किंग हिअर फॉर 5 इयर्स'. आणि हो, नो सारखं क्रियापद असेल तर इथेही आयएनजी नाही, 'आय हॅव नोन हिम सिन्स 2019'. जी नोकरी संपलीये तिथे मात्र साधा भूतकाळ, 'आय वर्क्ड देअर फ्रॉम 2015 टू 2018'. 'वॉज वर्किंग' लिहिलं की वाचणारा वाट बघत बसतो की हे चालू असताना मध्येच काय घडलं, कारण पास्ट कंटिन्युअसचं मुख्य काम तेच, 'आय वॉज सेंडिंग द मेल व्हेन द पॉवर वेंट ऑफ'.

स्वतःचा धंदा असलेल्यांनी कंपनी प्रोफाईलकडे जरा बघा. 'वी आर मॅन्युफॅक्चरिंग पम्प्स', 'वी आर प्रोव्हायडिंग ऑल सर्व्हिसेस' असं भरभरून लिहिलेलं असतं. व्याकरणात बसतं ते, पण अर्थ असा निघतो की सध्या पंप बनवतोय, पुढचं पुढे बघू. रोजचा, कायमचा धंदा सांगायचा तर 'वी मॅन्युफॅक्चर', 'वी प्रोव्हाईड', 'वी डील इन'. वाक्य आखूड होतं आणि वजनदार पण वाटतं. राहण्याचं तसंच, 'आय लिव्ह हिअर' म्हणजे घर इथलंच, 'आय ॲम लिव्हिंग हिअर' म्हणजे तात्पुरतं.

काही जण म्हणतात की तुम्ही उगाच सगळं लाल करता, आम्ही बोलतो ते सगळ्यांना कळतं. कळतं, मान्य आहे. आपल्या इंग्रजीत हे इतकं रुळलंय की भाषेचे अभ्यासक त्याला भारतीय इंग्रजीची एक खूण मानतात, आपसात बोलताना कोण अडवतंय. पण आमच्याकडे आलेली फाईल बहुतेक वेळा अनोळखी माणसाच्या टेबलावर जाणार असते आणि तो तुम्हाला त्या कागदावरूनच जोखणार असतो. आणि लाल जास्त म्हणून बिल जास्त असं आमच्याकडे नाही, बिल शब्दांच्या संख्येवर आहे, दुरुस्ती एक असो की शंभर. बर्गरच्या त्या जगप्रसिद्ध जाहिरातीत, 'आय ॲम लव्हिंग इट' मध्ये, लव्हला आयएनजी आहे ना, हा प्रश्न पण येतो. आहे, मुद्दाम लावलंय, कानाला वेगळं लागावं म्हणून. जाहिरातीत ते खपतं, रेझ्युमेत खपत नाही.

आता उलटी गोष्ट. जिथे आयएनजी पाहिजे तिथलं लोक काढून टाकतात. 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु हिअरिंग फ्रॉम यू' यातलं हिअरिंग कृपया हिअर करू नका. तिथला टु वेगळा आहे, त्याच्यापुढे नाम किंवा आयएनजीचं रूपच येतं, आणि हे कंटिन्युअस नाहीच, दिसायला फक्त तसं. (लुकिंगच्या जागी 'आय लुक' पण चालतं, ते जरा जास्त फॉर्मल.) 'आय ॲम रायटिंग टु इन्फॉर्म यू' बरोबर आहे. 'आय ॲम जॉइनिंग ऑन मंडे' पण बरोबर, ठरलेल्या गोष्टीसाठी भविष्यात सुद्धा हेच वापरतात. 'द ऑर्डर इज बीइंग प्रोसेस्ड' मधलं बीइंग टायपिंगची चूक समजून बरेच जण खोडतात. ते खोडलं तर काम सध्या चालू आहे हा अर्थच उडतो. तसं हे रूप इंग्रजीत फार जुनं नाही म्हणा, अठराव्या शतकाच्या शेवटी दिसायला लागलं, त्याआधी 'द हाऊस इज बिल्डिंग' म्हणजेच घर बांधलं जातंय असं लिहायचे, आणि एकोणिसाव्या शतकात पण काही लोक या इज बीइंगला नाकं मुरडत होते. आता मात्र बिनधास्त राहू द्या.

स्पेलिंगचं आमचं आम्ही बघतो. फक्त रायटिंगमध्ये टी एकच, रनिंगमध्ये एन दोन. ट्रॅव्हलिंगला ब्रिटिशमध्ये दोन एल आणि अमेरिकनमध्ये एक, त्यामुळे कागद कुठे जाणार ते आधी सांगा. मोबाईलमधल्या ॲपने खाली रेघ मारली नाही म्हणजे वाक्य बरोबर असं धरून चालू नका, हॅविंग एक्स्पिरियन्सवर ते गप्प बसू शकतं.

फाईल वर्डमध्ये पाठवा, पीडीएफ नको. दुरुस्त फाईल मिळाली की ट्रॅक चेंजेस चालूच ठेवा, आणि एखादा बदल पटला नाही तर शब्द परत न फिरवता बाजूला कॉमेंट टाका, 'हे का काढलं' एवढं लिहिलं तरी पुरे, कारण आम्ही लिहून देतो आणि त्याचे पैसे नाहीत. तपासणीची दुसरी फेरी पहिल्या बिलातच धरलेली आहे. कॉमेंट न टाकता बदललेली फाईल आली तर ती नवीन काम म्हणून रांगेत शेवटी लागेल. इंटरव्ह्यू तोंडावर असेल तर रेझ्युमेसोबत स्वतःची ओळख करून द्यायची चार-पाच वाक्यं पण टाईप करून पाठवा, ती आम्ही त्याच बिलात बघून देतो.