सह्याद्रीचा कडा कसा घडला

कोकणातून पाहणाऱ्याला सह्याद्री हा उभाच्या उभा डोंगर दिसतो. देशावरून त्याच घाटमाथ्याकडे जाणाऱ्याला मात्र डोंगर चढल्याची जाणीव फारशी होत नाही. जमीन हळूहळू उंचावत जाते आणि एकाएकी पायाखालून संपते. हिमालय दोन भूखंडांच्या टकरीत वळ्या पडून वर आला, तशा वळ्या सह्याद्रीत नाहीत. सह्याद्री ही दख्खनच्या पठाराची झिजत मागे सरलेली पश्चिम कड आहे, आणि तिला पर्वतरांग म्हणताना हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

महाराष्ट्रातील या पठाराचा खडक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. उत्तरेकडे सरकणारा भारतीय भूखंड तेव्हा, आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त स्रोतावरून जात होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून पातळ लाव्हा पुनःपुन्हा बाहेर येऊन दूरवर पसरत राहिला आणि थरावर थर साचत गेले. यातला बराचसा लाव्हा साधारण दहा लाख वर्षांत ओतला गेला. पृथ्वीच्या वयाच्या मानाने हा अवधी फारच थोडा. इतकी झीज होऊनही हा बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, आज सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी खोदलेल्या खोल विवरांत सुमारे एक किलोमीटर खाली तो संपतो आणि थेट अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक लागतो. लाव्हा ज्या जमिनीवर पसरला, तीच ही जमीन.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासमोर उभे राहिले की ही थरांची रचना उघड्यावर वाचता येते. घट्ट, एकसंध बेसॉल्टचा उभा कातळ, त्याखाली वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेल्या ठिसूळ थराचा उतार, मग पुन्हा कातळ, अशा पायऱ्या एकाखाली एक दिसतात. दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे विटकरी रंगाच्या मातीचा पट्टा असतो. एक लाव्हा थंड होऊन दुसरा येईपर्यंत मध्ये खडक झिजून माती होण्याइतका काळ गेला, याचा तो पुरावा आहे. बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे खनिजयुक्त पाणी झिरपून झिओलाइटचे स्फटिक तयार झाले, आणि पुणे परिसरातील हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहेत.

कडा मात्र लाव्ह्याने घडवलेला नाही. सुमारे 6.3 कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सचा (आज हिंदी महासागरातील बेटांचा) भूभाग भारतापासून तुटला आणि पश्चिम किनाऱ्यालगतची जमीन खचली. पनवेलच्या आसपास बेसॉल्टचे थर समुद्राकडे कललेले दिसतात, ते त्याच उलथापालथीमुळे. पश्चिमेकडे उतरणाऱ्या आखूड, वेगवान नद्यांनी ही तुटलेली कड कोरत कोरत पूर्वेकडे मागे हटवली आणि पायथ्याशी कोकणची पट्टी मोकळी झाली. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री लगेच कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते; तिथलीच कृष्णा मात्र पश्चिम समुद्र जेमतेम 65 किलोमीटरवर असूनही सुमारे 1,400 किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला जाते. पाचगणीच्या पठारांवर दीर्घकाळच्या उष्ण, दमट हवामानात बेसॉल्ट कुजून बनलेला जांभा टोपीसारखा बसला आहे. त्याच्या टणकपणामुळेच ही पठारे सपाट राहिली.

कडा लाव्ह्याचा नव्हे, याची साक्ष दक्षिणेकडे मिळते. गोव्याच्या आसपास बेसॉल्ट संपतो आणि पुढे कर्नाटक, केरळ व तमिळनाडूत कोट्यवधीच नव्हे, तर अब्जावधी वर्षांपूर्वीचे नाइस आणि चार्नोकाइट हे कठीण, स्फटिकी खडक लागतात. खडक पूर्ण बदलतो, तरी पश्चिमेला तोंड असलेला उभा कडा त्याच दिशेने पुढे चालत राहतो, आणि त्यात खरा मोठा खंड पडतो तो केवळ पालघाट खिंडीत.