यीस्ट स्टार्टरसाठी चुंबकीय ढवळक

घरी बिअर करणारे लोक द्रवरूप यीस्टची संख्या वाढवण्यासाठी जे उपकरण वापरतात, ते म्हणजे चुंबकीय ढवळक किंवा स्टर प्लेट. पेटीतल्या मोटरवर चुंबक फिरतो आणि वर ठेवलेल्या काचपात्रातली टेफ्लॉनने मढवलेली चुंबकी कांडी, म्हणजे स्टर बार, त्याच्या ओढीने फिरू लागते. ढवळण्यासाठी पात्रात वरून काही घालावे लागत नाही, त्यामुळे बाहेरचे जंतू शिरण्याची एक मोठी वाट बंद होते. आर्थर रोझिंगर यांना अशा ढवळकाचे अमेरिकी पेटंट १९४४ मध्ये मिळाले. १९७८ च्या कायद्याने अमेरिकेत घरगुती बिअरला संघराज्य पातळीवर मान्यता मिळाली. पुढे प्रयोगशाळेतले हे साधन हौशी लोकांच्या ओट्यावरही आले.

स्टार्टर हे बिअरचे विरजण. १९ लिटर, १२ अंश प्लेटोच्या (प्लेटो म्हणजे आंबवण्याआधीच्या द्रवातल्या साखरेच्या प्रमाणाचे माप) एल या प्रकारच्या बिअरसाठी दर मिलिलिटरला, दर अंशामागे साडेसात लाख पेशी हा रूढ हिशेब धरला, तर सुमारे १७१ अब्ज पेशी लागतात. थंडाव्यात आंबवल्या जाणाऱ्या लागर बिअरला त्याच्या दुप्पट. द्रव यीस्टच्या नेहमीच्या पाकिटात ताजेपणी साधारण १०० अब्ज पेशी असतात आणि दिवसागणिक त्या घटत जातात. ही तूट भरण्यासाठी लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम सुका माल्ट अर्क (मोड आणलेल्या जवापासून केलेली साखरयुक्त भुकटी) उकळून, गार करून त्यात यीस्ट सोडतात आणि एक-दोन दिवस ढवळत ठेवतात. ढवळल्याने पेशी तळाशी बसत नाहीत, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पेशींच्या आवरणातली स्टेरॉल ही स्निग्ध द्रव्ये बनवायला लागणारा प्राणवायू मिळतो. म्हणूनच पात्राच्या तोंडावर एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी झडप) लावत नाहीत, ॲल्युमिनियम फॉइल सैलसर बसवतात.

खरेदी करताना कमाल फेऱ्यांचा आकडा पाहून भुलू नये. द्रवाच्या पृष्ठभागावर लहानशी खळी पडली की पुरे. महत्त्वाची आहे ती चुंबक आणि कांडी यांची पकड. फिरत्या चुंबकाच्या दोन ध्रुवांतले अंतर कांडीच्या लांबीशी जुळले पाहिजे, पेटीचे झाकण पातळ हवे आणि पात्राचा तळ सपाट हवा. बरण्यांचा तळ बहुधा मध्ये उचललेला असतो. त्यावर कांडी घसरते, कडेला फेकली जाते आणि तिथेच थरथरत राहते. वेग एकदम वाढवला तरी हेच होते, म्हणून शून्यापासून हळूहळू चढणारे नियंत्रण असलेला ढवळक घ्यावा. दोन लिटरच्या शंकुपात्राला अडीच ते चार सेंटिमीटरची कांडी चालते. फेस वर चढतो, तेव्हा स्टार्टरपेक्षा मोठे पात्र घेणेच शहाणपणाचे.

तापवणी असलेला महाग ढवळक या कामाला लागत नाही. उलट सतत चालणारी मोटर पेटी गरम करते, तेव्हा हवा खेळती राहील अशी रचना पाहावी. संगणकाचा १२ व्होल्टचा पंखा, जुन्या हार्ड डिस्कमधले निओडिमियम चुंबक आणि वेग कमी-जास्त करणारा रेग्युलेटर यांतून घरी केलेला ढवळकही उत्तम चालतो. मात्र उकळते पात्र त्यावर थेट ठेवू नये. साधे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या आसपास कायमचे दुबळे होऊ लागतात.

सुक्या यीस्टच्या पाकिटात पेशी भरपूर असतात आणि वाढीसाठी लागणारा साठाही त्यांच्यात असतो. त्यामुळे फक्त सुके यीस्ट वापरणाऱ्याने ढवळक घेण्याची गरज नाही.