डायनामो भंगारात घालण्याआधी

गणपती जवळ आले की कोकणात मांगरातल्या, पडवीतल्या ताडपत्र्या निघतात आणि खालून जुन्या गाड्या बाहेर येतात. कुणाच्या आजोबांची अँबॅसिडर, कुणाची फियाट, कुणाची विलीज जीप. नवी बॅटरी घालून इंजिन सुरू होतं, पण डॅशबोर्डवरचा लाल दिवा काही विझत नाही. मग गॅरेजमधला निकाल ठरलेला: ‘डायनामो गेला, अल्टरनेटर टाकून घ्या.’ डायनामो म्हणजे इंजिनच्या पट्ट्यानं फिरून बॅटरी भरणारं जुन्या पद्धतीचं जनित्र, अल्टरनेटर त्याच कामाचं नवं. मूळचा डायनामो किलोच्या भावानं जातो, आणि पाच वर्षांनी तोच मालक गाडी ‘ओरिजिनल’ करायची म्हणून मुंबईच्या चोरबाजारात तसल्याच दुसऱ्या डायनामोचा शोध घेत फिरतो. वास्तविक असे कितीतरी डायनामो गेलेले नसतातच.

अल्टरनेटर वाईट आहे असं नाही. वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाल्यावर 1960 साली क्रायस्लरनं व्हॅलियंट गाडीत तो सरसकट दिला आणि हळूहळू सगळं जग तिकडे वळलं. इंजिन संथ चालत असतानाही तो बॅटरी भरतो. डायनामो तिथे कमी पडतो. पण डायनामोत जी गंमत आहे ती मला आजही थक्क करते.

सायकलच्या डायनामोत कायमचा चुंबक असतो, त्यामुळे मोटारीच्या डायनामोतही तसाच असणार असं बहुतेकांना वाटतं. तो नसतो. लोखंडी नळकांड्याच्या आत फिल्ड कॉइल म्हणजे तारेची दोन स्थिर वेटोळी असतात, मधे आर्मेचर, म्हणजे तार गुंडाळलेला गाभा फिरतो. फिल्ड कॉइलमधून वीज गेली तरच चुंबकीय क्षेत्र तयार होणार, आणि क्षेत्र असेल तरच आर्मेचर वीज देणार. आधी कोंबडी की आधी अंडं?

हे कोडं 1866-67 च्या सुमारास अनेकांनी जवळपास एकाच वेळी सोडवलं. जर्मनीचे वेर्नर सीमेन्स आणि इंग्लंडचे चार्ल्स व्हीटस्टन यांचं काम तर लंडनच्या रॉयल सोसायटीत एकाच दिवशी, 14 फेब्रुवारी 1867 ला मांडलं गेलं. उत्तर असं की एकदा चुंबकित झालेलं लोखंड ते चुंबकत्व पुरतं सोडत नाही, थोडंसं मागे उरतं. याला अवशिष्ट चुंबकत्व म्हणतात.

आता आकडे घेऊ. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या सी-40 या 12 व्होल्टच्या डायनामोत फिल्डचा रोध सुमारे 6 ओहम असतो. आर्मेचर फिरलं की उरल्यासुरल्या चुंबकत्वावर समजा दीड व्होल्ट मिळाले. ते फिल्डला मिळाले की पाव अँपिअर प्रवाह वाहतो. त्यानं चुंबकत्व वाढतं, व्होल्ट वाढतात, पुन्हा प्रवाह वाढतो. ही चढण एका सेकंदाच्या आत होते. लोखंड संपृक्त होत आलं, म्हणजे आणखी चुंबकित होईनासं झालं, की चढण मंदावते. त्याच्या बऱ्याच आधी रेग्युलेटर मधे पडून फिल्डचा प्रवाह आवरतो.

चढण सुरू व्हायला दोन अटी आहेत. पहिली, फिल्डच्या वाटेत रोध ठरावीक मर्यादेच्या आत हवा. 6 च्या जागी 60 ओहम झाले तर पाव अँपिअरचे जेमतेम 25 मिलिअँपिअर उरतात आणि खेळ सुरूच होत नाही. दुसरी, फिरण्याची दिशा बरोबर हवी. उलट फिरवलात तर तयार होणारा प्रवाह उरलेलं चुंबकत्व पुसायला निघतो. (पृथ्वीचं चुंबकत्वही असंच स्वयंउत्तेजित आहे, तिथे आर्मेचरच्या जागी बाह्यगाभ्यातलं वितळलेलं लोखंड फिरतं. मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवरचं होकायंत्र एका डायनामोकडेच तोंड करून उभं असतं.)

हे वाचून कुणाला ‘फुकट वीज’वाले व्हिडिओ आठवतील: मोटर डायनामो फिरवते, डायनामो मोटर फिरवतो आणि वर घरचे दिवेही लागतात. लबाडी आहे.  डायनामोतून वीज निघू लागली की त्याची पुली फिरायला जड होते. ते जडपण इंजिनच्या पेट्रोलमधून भागवलं जातं.

पहिली अट मोडते ती आपल्या किनाऱ्यावरच्या हवेमुळे. शुद्ध मीठ हवेची आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की पाझरतं, पण समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड 33 टक्क्यांनाच पाणी ओढू लागतं. रत्नागिरी-वेंगुर्ल्याला हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे डायनामोवर बसलेला खार जवळजवळ बारमाही ओला. टर्मिनलखाली हिरवट कळंक धरतो, कम्युटेटरवर, म्हणजे आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांवर, पापुद्रा चढतो, त्यावर घासून वीज बाहेर आणणारे कार्बन खाचेत अडकून बसतात. त्यात बॅटरी उलटी जोडली गेली असेल किंवा गाडी कित्येक वर्षं उभी असेल, तर उरलेलं चुंबकत्वही गेलेलं किंवा उलटलेलं असतं.

तपासणी सोपी आहे. डी (वीज बाहेर देणारं) आणि एफ (फिल्डचं) या दोन्ही टर्मिनलच्या तारा काढा, टर्मिनल एकमेकांना जोडा, तिथून बॉडीपर्यंत व्होल्टमीटर लावा आणि इंजिन हळूहळू वाढवा. रेस करू नका. काटा झरझर 20 कडे गेला तर डायनामो ठणठणीत, दोष रेग्युलेटरमध्ये. काटा हललाच नाही तर कार्बन पाहा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर फिल्डमध्ये गडबड, चार-पाचवर अडला तर संशय आर्मेचरवर. गेलेलं चुंबकत्व परत आणायला इंजिन बंद करून, एफची तार सुटी ठेवून, बॅटरीच्या अर्थ नसलेल्या, म्हणजे बॉडीला न जोडलेल्या टोकाची तार एफला क्षणभर टेकवायची. बारीक ठिणगी उडते, काम झालं. हे लुकास पद्धतीच्या जोडणीला लागू. विलीज जीपच्या ऑटोलाइट कंपनीच्या डायनामोत फिल्ड रेग्युलेटरमार्फत अर्थ होतं, तिथे हा प्रयोग करू नका.

आर्मेचरचा निकाल वायंडरकडच्या (मोटारींची वेटोळी गुंडाळणाऱ्याकडच्या) ग्राउलर या विद्युतचुंबकी तपासयंत्रावर लागतो. आर्मेचर त्याच्या खोबणीत ठेवून वर हॅक्सॉचं पातं धरायचं आणि सावकाश फिरवायचं. वेटोळं शॉर्ट असेल त्या खाचेवर पातं घूंऽऽ करून थरथरतं, बाकीकडे गप्प. दमट आर्मेचर बंद पेटीत बल्बच्या उबेत वाळवावं, थेट शेगडीवर नाही. कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक 0.8 मिलिमीटर खाली कोरायचा, आणि मागचा सच्छिद्र ब्राँझचा बुश, म्हणजे आर्मेचरचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, बसवण्याआधी 24 तास पातळ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचा. ही शेवटची पायरी घाईत गाळली जाते, आणि मग बुश झिजून आर्मेचर फिल्डच्या पोलवर घासतं.

मूळ डायनामो खरोखरच हरवला असेल तर शोधताना बॉडीवर ठोकलेले आकडे वाचा: मॉडेल, भाग क्रमांक, महिना आणि वर्ष. तारीख गाडीच्या जन्माच्या थोडी आधीची हवी. गंज काढायला ग्राइंडर लावलात तर पहिला पुरावा तोच जाईल. रॉकेल आणि चिंधी पुरे. मॅसी फर्ग्युसनच्या जुन्या ट्रॅक्टरवर याच घराण्यातले डायनामो असत, तिकडेही नजर टाका, पण पुली, पुढचं झाकण आणि फिरण्याची दिशा जुळवूनच पैसे द्या.

परदेशात आता डायनामोच्या आकाराच्या कवचात दडवलेले अल्टरनेटर मिळतात. जुन्या कटआऊट-रेग्युलेटरच्या पेटीच्या बेकलाइट झाकणाखाली ट्रान्झिस्टर भरणारेही आहेत. या दुसऱ्या प्रकाराला माझी हरकत नाही, रेग्युलेटरचे संपर्कबिंदू खाऱ्या हवेत लवकर खराब होतातच. पहिलं मात्र मला पटत नाही. बाहेरून डायनामो दिसावा आणि आत डायनामोच नसावा, त्यापेक्षा साधा अल्टरनेटर उघडपणे बसवलेला बरा, मूळचा डायनामो तेल लावून कपाटात ठेवून.