'मांड' या शब्दाची गल्लत

२०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसेजचे, म्हणजे स्वाराच्या हलक्या इशाऱ्यांवर घोड्याने ठरलेल्या चाली करून दाखवायच्या खेळाचे, सुवर्णपदक जिंकले. अश्वारोहणातले सुवर्ण भारताला ४१ वर्षांनी मिळाले. बेळगाव, निपाणी, चिकोडी पट्ट्यात घोडागाडी शर्यतींमुळे घोडा ओळखीचा. तरी या खेळाविषयी बोलताना आपले बोलणे एका शब्दापाशी अडते. तो शब्द म्हणजे मांड.

पक्की मांड म्हणजे घोडा उधळला तरी न सुटणारी मांड्यांची पकड. लढणाऱ्या स्वाराला ती हवीच होती. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात एका ग्रीक सेनानीने लिहून ठेवले आहे की, खुर्चीत बसल्यासारखे बसू नये, पाय फाकून ताठ उभे राहिल्यासारखे बसावे. म्हणजे मांड्यांची पकड चांगली बसते आणि भालाही जोरात फेकता येतो. रिकिबी तेव्हा नव्हत्याच.

ड्रेसेजने त्यातले ताठ बसणे ठेवले आणि पकड सोडून दिली. खरी मेख इथे आहे. मांडी आवळली की स्वार खोगिरातून वर उचलला जातो आणि त्याची कंबर ताठरते. मग दुडकीचे हेलकावे कमरेत जिरत नाहीत. ते हातात उतरतात आणि लगामातून थेट घोड्याच्या तोंडाला हिसके बसतात. या खेळात वजन बसण्याच्या दोन्ही हाडांवर सारखे हवे, मांडी सैल, टाच खाली. कान, खांदा, खुबा आणि टाच एका ओळीत. शिकणाऱ्या मुलाला 'मांड घट्ट धर' असे सांगितले की यातले सगळेच बिघडते. मांड हा आपला जुना शब्द, त्याचाच अर्थ वाढवावा, असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. सरळ 'बैठक' म्हणावे.

पकडीवाचून जमते याचा मोठा पुरावा १९५२ चा. ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९१२ पासून, पण १९४८ पर्यंत फक्त लष्करी अधिकाऱ्यांसाठी होता. हेलसिंकीत तो सर्वांना खुला झाला आणि पोलिओमुळे गुडघ्याखाली पाय लुळे पडलेल्या एका डॅनिश महिलेने पुरुषांबरोबर उतरून रौप्य जिंकले.

इशाऱ्यांचेही तसेच. आपल्या शर्यतीत हाळी चालते. इथे वजन, पोटरी आणि लगाम एवढ्यांनीच बोलायचे. जीभ टाळूला लावून चुचकारले तरी गुण जातात. लगामाचा अतिरेक वाढला तेव्हा, २०१० मध्ये, घोड्याची मान जबरदस्तीने छातीकडे दुमडण्यावर बंदी आली.

२०१८ चा निर्णय मात्र मला खटकतो. पूर्वी आंतरराष्ट्रीय चाचणीच्या शेवटी स्वाराची बैठक आणि इशारे यांना वेगळा गुण असे. आता 'एकूण छाप' या एकाच गुणात ते दोन्ही धरले जातात. बैठक कुठे चुकली हे गुणपत्रिकेवरून कळायचा रस्ता त्याने अरुंद झाला, आणि ज्यांच्या गावात प्रशिक्षक नाही, त्यांना तोच रस्ता होता.