मे महिन्यातल्या कार्यक्रमाची तिकिटं हळू का जातात (आमच्या ग्राहकांसाठी थोडी माहिती)

एप्रिल उजाडला की आमच्या ऑफिसात एकाच प्रश्नाचे फोन सुरू होतात. "काय ओ, मेमधला तुमचा गाण्याचा कार्यक्रम होणार आहे ना नक्की? ॲपवर बघितलं तर अख्खा हॉल रिकामा दिसतोय." होणार आहे. दरवर्षी होतो. पण प्रत्येकाला फोनवर हे समजावून सांगताना आमचाच घसा बसतो म्हणून यावेळी छापूनच टाकलं.

आम्ही तिघं जण सांगली-मिरज पट्ट्यात गाण्याचे कार्यक्रम लावतो, कलाकार पुण्या-मुंबईचे असतात आणि उन्हाळ्यात दौऱ्यावर निघतात, म्हणजे आज सातारा उद्या कोल्हापूर परवा सांगली असं. ॲपवर बुकिंग असलं तरी ऑफिसात अजून कागदी प्लॅन असतो, तिकीट गेलं की त्या खुर्चीवर लाल पेनानं फुली, आणि फोनवर कुणी "ठेवा हो माझ्यासाठी" म्हणालं की पेन्सिलनं गोल. दिवाळीच्या कार्यक्रमाला पंधरा दिवस आधीच फुल्या जास्त असतात. मेच्या कार्यक्रमाला शेवटच्या आठवड्यापर्यंत नुसते गोलच गोल.

गेल्या वर्षी विश्रामबागच्या एका काकूंनी आठ खुर्च्यांवर गोल करायला लावला, मग पुण्याची लेक येणार का नाही ते ठरेना म्हणून सहा केले, मग जावयाला सुट्टी मिळाली म्हणून परत आठ, मग नातवाची कसली तरी परीक्षा निघाली म्हणून सात, आणि शेवटी कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तीनला रणरणत्या उन्हात रिक्षानं येऊन नऊ तिकिटं घेऊन गेल्या, नववं शेजारणीचं. आमच्या मते उन्हाळ्यातल्या विक्रीचं सगळं गणित या एका खोडरबरात आहे. एरवी नवरा-बायको दोघं जातात, दोन तिकिटं काढायला कितीसा वेळ लागतो. मेमध्ये घर भरलेलं असतं, पाहुणे येणार-जाणार असतात, त्यामुळं तिकीट एकट्याचं नसतं तर अख्ख्या घराचं असतं आणि घरात माणसं किती हे आदल्या दिवसापर्यंत कुणालाच माहीत नसतं. आवड कमी झाली असं अजिबात नाही.

बाकी कारणं तुम्हाला माहीतच आहेत. लग्नं, गावची जत्रा, मुलांच्या सीईटी, मेच्या पहिल्या रविवारी 'नीट'ची परीक्षा, आणि संध्याकाळी साडेसातला आयपीएलची मॅच. आमचा कार्यक्रम पण साधारण त्याच वेळेला सुरू होतो, आता काय करणार, त्याच्या आधी उकाड्यात कुणी घराबाहेर पडत नाही. त्यात वळवाच्या पावसाची भीती. एका वर्षी आम्ही हौसेनं मैदानावर कार्यक्रम लावला आणि दुसऱ्या गाण्याला असा पाऊस आला की तबलजी तबले पोटाशी धरून पळाले, तेव्हापासून मेमध्ये बंदिस्त हॉलच. आणि उघड्यावर रात्री दहाला स्पीकर बंद करावा लागतो तो प्रश्न वेगळाच.

अजून एक कारण आहे, ते जरा आमच्याच गावचं आहे. मिरजेत किराणा घराण्याचे मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मृतीत दर्ग्यात उरुसाला रात्र-रात्र गाणं चालतं, नवरात्रात अंबाबाईच्या देवळात चालतं, आणि मोठमोठे कलाकार तिथं हजेरी लावायला येतात. तिकीट नाही, सतरंजीवर बसा आणि ऐका. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 1843 ला पहिलं मराठी नाटक केलं ते पण राजेसाहेबांच्या आश्रयानं, तिकीट लावायची वेळ पुढं मुंबईला गेल्यावर आली. तर इतकं उत्तम गाणं फुकट ऐकायची सवय असलेल्या माणसाला आम्ही चारशे रुपये मागतो तेव्हा तो दोन दिवस विचार करणारच, त्याचा आम्हाला राग नाही. राग येतो तो पासवाल्यांचा. "पास असतील ना चार?" म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत थांबणारी मंडळी आहेत, गाडी वीस लाखाची असते. पास आम्ही फक्त हॉलच्या आणि कलाकारांच्या माणसांना देतो, बाकी कुणालाही नाही, आमच्या मेव्हण्याला पण नाही (तो अजून बोलत नाही).

बरेच जण कोल्हापूरच्या तारखेकडं बघून थांबतात. तिथला कार्यक्रम शनिवारी असतो आणि आमचा रविवारी, मधे अंतर पन्नास किलोमीटर, मग तिकडं जाऊ का इकडं यात दहा दिवस जातात. जावा की खुशाल, कार्यक्रम तोच आहे. फक्त परत येताना रात्री एक वाजतो तेवढं लक्षात ठेवा.

आता ॲपवरच्या त्या रिकाम्या हॉलबद्दल. ॲपवर आम्ही सगळ्या खुर्च्या एकदम सोडत नाही, थोड्या ऑफिसच्या कागदी प्लॅनवर असतात, थोड्या स्पॉन्सरच्या, म्हणून तिथं जो आकडा दिसतो त्यावरून कार्यक्रम चालला का पडला हे कळत नाही. आणि पेन्सिलचे गोल तर ॲपला दिसतच नाहीत. कुणीतरी आम्हाला म्हणालं, कोल्डप्लेची, म्हणजे त्या परदेशी बँडची, तिकिटं मिनिटांत संपली आणि तुमची महिनाभर पडून आहेत. अहो, जानेवारी 2025 ला नवी मुंबईत त्यांचे तीन दिवस होते आणि अहमदाबादला दोन, अख्ख्या देशाला पाच संध्याकाळी, तिथं थांबला तो संपला. आमच्याकडं थांबलं तरी तिकीट मिळतं हे सांगलीकरांना पक्कं ठाऊक आहे, आणि खरंच मिळतं, म्हणूनच ते थांबतात. फक्त चांगल्या जागा मिळत नाहीत. मधल्या पाचव्या ते दहाव्या रांगेतून आवाज सगळ्यात छान येतो आणि त्याच आधी संपतात, पुढची पहिली रांग महाग असली तरी तिथं स्पीकर कानात बसतो.

शेवटी सवलत मिळेल का असंही विचारतात. नाही मिळणार. एकदा दिली होती, तर पुढच्या वर्षी सगळेच सवलतीची वाट बघत बसले आणि शनिवारपर्यंत प्लॅनवर अकरा फुल्या. शिवाय ज्यांनी महिनाभर आधी पूर्ण पैसे दिले त्यांना आम्ही काय तोंड दाखवायचं. आमचं बहुतेक तिकीट पाचशेच्या आतच असतं, त्याचं कारण पण सांगतो, पाचशेपर्यंत जीएसटी नाही, त्याच्या वर गेलं की 18 टक्के लागतो, म्हणजे सहाशेचं तिकीट तुम्हाला सातशे आठला पडतं आणि वरचे एकशे आठ आमच्या खिशात येत नाहीत.

आमचा खर्च मात्र हळू होत नाही. हॉलचं भाडं आधी, कलाकारांचं निम्मं मानधन आधी, पुण्याहून येणारा साऊंडचा टेम्पो आणि दहा-बारा माणसांचं लॉज आधी. तुमचे पैसे येतात शेवटच्या तीन दिवसांत. मधले तीन आठवडे आम्ही कसे झोपतो ते विचारू नका.

तर यावेळी असं केलंय. फोनवर सांगितलं की पेन्सिलनं गोल करू, तो चार दिवस राहील, मग खोडू, आधी एक मेसेज करू. तिकीट काढल्यावर घरातलं माणूस कमी झालं तर कार्यक्रमाच्या दोन दिवस आधीपर्यंत तेवढ्या तिकिटाचे पूर्ण पैसे परत, ऑफिसात काढलं असेल तर (ॲपवरच्या तिकिटाला ॲपचे नियम, ते आमच्या हातात नाही). माणूस वाढलं तर शेजारची खुर्ची मिळेलच असं नाही, पण त्याच रांगेत बघू. ऑफिस सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं, दुपारी येऊ नका, ऊन फार असतं आणि आम्ही पण जेवून जरा आडवे झालेले असतो. काकूंचा फोन येऊन गेलाय, यंदा दहावर गोल आहे.