एकच धाप, पण टी पेशी वेगवेगळ्या

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पट्ट्यात पावसाळाभर भिंतींना ओल असते आणि गाद्यांना कुबट वास येतो. सुगी झाली की भाताच्या पिंजराचा धुरळा. चिकोडीकडे ऊस तुटला की पाचट पेटतं, निपाणीत वखारींमधून तंबाखूची धूळ उठते. यातल्या कशानेही धाप लागली की आपण दमा म्हणतो. पण श्वासनळीच्या आत त्या वेळी कोणत्या टी पेशींचा जोर आहे, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. औषध लागू पडतं की नाही, हे बरंचसं त्यावर ठरतं.

टी पेशी या पांढऱ्या रक्तपेशी. त्या अस्थिमज्जेत जन्मतात आणि छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात. यातल्या मदतनीस टी पेशी स्वतः फारसं मारत नाहीत, रसायनं सोडून इतर पेशींना कामाला लावतात. त्यांचे टीएच-1 आणि टीएच-2 (टीएच म्हणजे टी हेल्पर, मदतनीस) असे दोन गट असल्याचं 1986 साली मोसमान आणि कॉफमन या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या पेशींत दाखवलं. पुढे आणखी गट सापडत गेले.

ॲलर्जीच्या दम्यात मुख्य गट टीएच-2. गादीतल्या धूळकिड्याची विष्ठा किंवा बुरशीचे बीजाणू श्वासनळीच्या अस्तरावर पडतात. त्यातली विकरं (एन्झाइम) अस्तराला इजा करतात आणि अस्तर टीएसएलपी, आयएल-33 अशी धोक्याची सूचना देणारी रसायनं सोडतं (आयएल म्हणजे इंटरल्युकिन, पेशींमधलं निरोपाचं रसायन). तिथली एक पेशी त्या कणाचा तुकडा घेऊन जवळच्या लसिकाग्रंथीत जाते आणि कोऱ्या टी पेशीला दाखवते. ती टीएच-2 होते. मग तिची तीन रसायनं कामाला लागतात. आयएल-4 मुळे बी पेशी आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवू लागतात. आयएल-5 मुळे अस्थिमज्जेत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात आणि फुप्फुसात जास्त दिवस टिकतात. आयएल-13 मुळे चिकट कफ वाढतो आणि श्वासनळी जराशा कारणाने आवळते.

म्हणूनच दुपारी पिंजर झाडलं तर धाप दोनदा येऊ शकते. पहिली काही मिनिटांत, कारण श्वासनळीच्या अस्तरातल्या, आयजीई चिकटलेल्या मास्ट पेशी साठवलेली रसायनं लगेच सोडतात. दुसरी चार ते आठ तासांनी, टी पेशींनी बोलावलेले इओसिनोफिल जमल्यावर. घरात दोष जातो रात्री खाल्लेल्या दह्याला किंवा केळ्याला, आणि दुपारचा धुरळा कुणाला आठवत नाही.

काही टीएच-2 पेशी फुप्फुसातच स्मृतिपेशी होऊन राहतात. उन्हाळा बरा गेला म्हणून पंप बंद केला, तरी पावसाळ्यात त्या पुन्हा कामाला लागतात.

सगळ्या टी पेशी आग वाढवणाऱ्या नसतात. नियामक टी पेशी आयएल-10 सारखी रसायनं सोडून बाकीच्यांना आवरतात. त्यांच्या शोधासाठी सकागुची, ब्रंको आणि रॅम्सडेल यांना 2025 चं नोबेल मिळालं. दम्यात या पेशींचा लगाम सैल पडतो.

टीएच-17 चा मार्ग निराळा. त्यांच्या आयएल-17 मुळे न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि अशा दम्यावर स्टेरॉइडचा परिणाम कमी दिसतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांतही स्टेरॉइड कमी चालतं. मग आयएल-17 अडवलं की झालं, असं वाटेल. तसं औषध 2013 च्या चाचणीत देऊन पाहिलं, एकूण रुग्णांना फायदा झाला नाही.

याउलट आयएल-5 अडवणाऱ्या मेपोलिझुमॅबची गोष्ट. सरसकट रुग्णांना दिलं तेव्हा ते निष्प्रभ ठरलं. इओसिनोफिल वाढलेले रुग्ण निवडून दिलं, तर दम्याचे झटके जवळपास निम्मे झाले. औषध तेच, निवड बदलली. ते महाग आहे, दर चार आठवड्यांनी 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन, आणि दम्यात फक्त तीव्र रुग्णांसाठी.

निवडीची पहिली तपासणी मात्र साधी, रक्तातल्या इओसिनोफिलची एकूण संख्या. दर मायक्रोलिटरला 300 च्या वर असेल तर टीएच-2 मार्गाची शक्यता वाढते. दोन ठिकाणी फसगत होते. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना रक्त दिलं तर संख्या खोटी कमी दिसते. पोटात जंत असतील तर दमा नसतानाही ती वाढते, आयजीईही वाढतं. डॉक्टरांना दोन्ही सांगावं.

साल्ब्युटामॉलचा निळा पंप स्नायू सैल करतो, चार ते सहा तास. टी पेशींना तो हातही लावत नाही. त्यांना आवरतं ते ओढायचं स्टेरॉइड, आणि त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. म्हणूनच 2019 पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना मोठ्यांना व किशोरांना एकट्या निळ्या पंपावर राहू नका असं सांगतात.

स्टेरॉइड लागू पडत नाही असं ठरवण्याआधी पंप कसा ओढला जातो ते तपासावं. फवाऱ्याचा पंप असेल तर आधी हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, हळू खोल ओढायला सुरुवात करतानाच दाबावा आणि श्वास दहा सेकंद धरावा. झटक्यात ओढलं तर औषध घशावरच आपटतं. दाबणं आणि ओढणं जुळत नसेल तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावावा. शेवटी खळखळून चूळ भरून थुंकावी, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.