मायोर्काचे सायकलमार्ग

मायोर्का हे पश्चिम भूमध्य समुद्रातील स्पेनच्या बालेआरिक द्वीपसमूहातले सर्वांत मोठे बेट. क्षेत्रफळ सुमारे ३,६४० चौ. किमी. रोड सायकल चालवणारे या बेटाचे नाव आल्प्स आणि पिरेनीजच्या जोडीने घेतात. नुसती उंची पाहिली तर हे चमत्कारिक वाटेल, कारण आल्प्समधल्या मोठ्या खिंडी दोन हजार मीटरच्या वर आहेत आणि मायोर्कातला सायकलवाल्यांना खुला असलेला सर्वांत उंच घाट नऊशे मीटरच्या आतच संपतो. इथली गंमत आहे ती रस्त्यांच्या आखणीत. यातले कोणतेही नावाजलेले रस्ते सायकलसाठी बांधलेले नाहीत. काही जुन्या, अशक्त मोटारींना झेपतील असे आखले गेले, काहींवरची वाहने पुढे बोगद्यात गेली, आणि उरलेला रस्ता सायकलला आयता मिळाला.

बेटाच्या वायव्य किनाऱ्याला लागून सेरा दे त्रामुंताना ही चुनखडीची डोंगररांग सुमारे ९० किमी. पसरली आहे. मधोमध एस प्ला हे मैदान आहे आणि ईशान्येला पोल्येन्सा व आल्कूदिया हे दोन उपसागर. सायकलवाल्यांचा मुक्काम बहुधा या उपसागरांच्या काठी असतो, कारण तिथून बेटाच्या आत निघून उजवीकडे वळले की डोंगर आणि सरळ गेले की मैदान. युनेस्कोने २०११ साली त्रामुंतानाला जागतिक वारसा यादीत घेतले ते ‘सांस्कृतिक भूदृश्य’ म्हणून. डोंगरउतारावर चुना-माती न वापरता नुसते दगडावर दगड रचून घातलेल्या ताली, त्यांवरची ऑलिव्हची झाडे आणि अरबी अमदानीत रुजलेली पाण्याच्या पाटांची व्यवस्था हा तो वारसा. कोकणात ज्याला गडगा म्हणतात त्याच जातीच्या या भिंती सायकलवरून अगदी हाताच्या अंतरावरून सरकत जातात.

या डोंगररांगेचा कणा म्हणजे एमए-१० हा रस्ता. नैर्ऋत्येच्या आन्द्राचपासून ईशान्येच्या पोल्येन्सापर्यंत तो सुमारे ११० किमी. आहे. आन्द्राचकडून निघाल्यावर समुद्र डाव्या हाताला राहतो. बान्यालबुफार, वाल्देमोसा, देया ही गावे ओळीने लागतात. वाल्देमोसाच्या मठात संगीतकार शोपँ १८३८–३९ च्या हिवाळ्यात राहिला होता. या टप्प्यात मोठा चढ एकही नाही, आणि सपाटीही नाही. सतत थोडे वर, थोडे खाली. गिअर बदलून बोटे दुखतात आणि दिवसअखेर झालेल्या चढाईची बेरीज पाहून आश्चर्य वाटते.

सोयेर हे संत्र्यांचे गाव डोंगरांच्या वाटीत वसले आहे. पाल्मा शहराकडून इथे यायला १९१२ साली रेल्वे झाली आणि १९१३ मध्ये गावापासून बंदरापर्यंत ट्राम. ती लाकडी ट्राम आजही धावते आणि तिचे रूळ भर रस्त्यात आहेत. रोड सायकलचे बारीक टायर त्या खाचेत अडकतात, म्हणून रूळ काटकोनात ओलांडावे लागतात. डोंगर उतरून आलेले लोक घसरतात ते इथे, अगदी सपाटीवर, चहाकॉफीच्या वेळेला. पाल्मा आणि सोयेर यांच्यामध्ये ४९७ मी. उंचीची सोयेर खिंड आहे. १९९७ साली डोंगराखालून बोगदा सुरू झाला आणि मोटारी तिकडे वळल्या. बोगद्यात सायकलींना मनाई आहे, पण त्याचे दुःख कुणालाच नाही. खिंडीतला जुना वळणावळणांचा रस्ता इतका मोकळा झाला, की एका वळणावरून खालच्या तीन वळणांवरचे सोबती दिसतात, ऐकूही येतात.

सोयेरहून पुढे चढ सुरू होतो तो पुच माजोरचा. सुमारे १४ किमी. लांब, सरासरी सहा टक्के चढाचा हा बेटावरचा सर्वांत दीर्घ घाट. शिखर १,४०० मीटरहून उंच आहे, पण माथ्यावर लष्करी रडार केंद्र असल्याने तिथपर्यंतचा रस्ता बंद. एमए-१० शिखराच्या कुशीतल्या एका बोगद्यातून पलीकडे जातो. पलीकडे हवा बदलते, ऑलिव्ह मागे राहतात आणि उघड्याबोडक्या खडकांत कूबेर आणि गोर्ग ब्लाऊ हे दोन जलाशय लागतात. पाल्माचे पिण्याचे पाणी इथून जाते.

गोर्ग ब्लाऊनंतर डावीकडे फाटा फुटतो तो सा कालोब्राचा. मायोर्काची ख्याती मुख्यतः या रस्त्यावर उभी आहे. खाली समुद्रकाठी मूठभर घरे होती आणि तिथे जायचे तर पायवाटेने किंवा होडीने. रस्ता १९३२ च्या सुमारास झाला तो त्या घरांसाठी नव्हे. तोरेंत दे पारेइस ही अरुंद दरी समुद्राला मिळते ते दृश्य प्रवाशांना दाखवता यावे हा हेतू. पर्यटन वाढवण्यासाठी बेटावर १९०५ पासूनच संस्था काम करत होती आणि तिच्याशी निगडित असलेल्या आन्तोनियो पारिएत्ती या अभियंत्याने हा रस्ता आखला. त्या काळच्या मोटारी खडा चढ चढत नसत आणि डोंगर पोखरून बोगदा काढायचा नव्हता. मग त्याने रस्ता लांबवला. सरळ रेषेत चार-पाच किलोमीटर भरेल ते अंतर त्याने वळणे घेत घेत दुपटीवर नेले. फोडलेला दगड तिथल्याच भरावात वापरला. एका जागी वळणाला पुरेशी जागाच नव्हती, तिथे रस्ता गोल फिरून स्वतःच्याच पुलाखालून जातो. त्याला ‘टायची गाठ’ म्हणतात. टाय बांधताना पारिएत्तीला ही युक्ती सुचली असे सांगतात. खरे असो वा नसो, वरून पाहताना पटते.

सायकलवाल्याला या रस्त्याची एक अट पाळावी लागते. रस्ता समुद्रापाशी संपतो, म्हणून आधी उतरायचे आणि मग तोच घाट चढून परत यायचे. उतार उधारीवर मिळतो, वसुली खाली सुरू होते. रस्त्याचा माथा म्हणजे रेस खिंड ६८२ मीटरवर, पायथा जवळजवळ समुद्रसपाटीला. अंतर ९.४ किमी., सरासरी चढ सात टक्के, हेअरपिन वळणे २६. आकडे वाचून वाटते तितका हा घाट क्रूर नाही, कारण पारिएत्तीने चढ सगळीकडे जवळपास सारखा ठेवला आहे. एकदा लय सापडली की ती मोडत नाही. लय मोडतात त्या प्रवासी बस. सकाळी दहानंतर त्या एकामागून एक येऊ लागतात, वळणावर पूर्ण रस्ता अडवतात, आणि एका कडेला पाय टेकून उभे राहण्यावाचून इलाज नसतो. जाणकार म्हणूनच भल्या सकाळी खाली पोहोचतात. होडीने खाली येऊन फक्त चढ चढण्याची सोयही आहे, तिला फसवणूक म्हणायचे की शहाणपण हे ज्याचे त्याने ठरवावे.

परतीच्या वाटेवर ल्युकचा मठ आणि त्याजवळची सा बातायाची खिंड (५७६ मी.) लागते. खिंडीत पेट्रोलपंपाला लागून कॉफीचे दुकान आहे. गजबज सगळी दुकानात. भिंतीला टेकवलेल्या सायकली, संत्र्याचा रस, बदामाचा केक आणि मीठ सुकून पांढऱ्या पडलेल्या जर्सी.

ईशान्य टोकाचा काप दे फोर्मेन्तोरचा रस्ताही पारिएत्तीचाच. पोर्ट दे पोल्येन्साहून दीपगृहापर्यंत जाऊन परत यायला साधारण ४० किमी. पडतात. दीपगृह १८६३ पासून चालू आहे. त्याचा दिवा समुद्रापासून २१० मी. उंचीवर आहे. उन्हाळ्यात इथे मोटारींची इतकी कोंडी होऊ लागली, की २०१८ पासून उन्हाळी महिन्यांत दिवसा खासगी गाड्यांना पुढे जाऊ देत नाहीत. सायकलला बंदी नाही. राहता राहिल्या रस्त्यातल्या शेळ्या. माणसांना त्या भीत नाहीत, आणि मागच्या खिशातले केळे त्यांना लांबून कळते.

मैदानी भागाकडे घाटवेडे लोक तुच्छतेने पाहतात. ते चूक आहे. सिनेऊ, पेत्रा, पोर्रेरेस या गावांना जोडणारे अरुंद शेतरस्ते गडग्यांच्या मधून जातात आणि त्यांवर मोटार क्वचितच दिसते. जानेवारीअखेरीपासून बदाम फुलतात तेव्हा हे मैदान पाहावे. पेत्रा हे कॅलिफोर्नियात ख्रिस्ती मिशने उभारणाऱ्या हुनिपेरो सेर्रा यांचे जन्मगाव. गावाच्या चौकात दुपारी सायकली लावायला जागा मिळत नाही. फेलानित्स गावाजवळ सान्त साल्वादोरचा ५०९ मी. उंच एकांडा डोंगर आहे. मोटारसायकलच्या मागे चालवायच्या ट्रॅक शर्यतीत सहा वेळा जगज्जेता ठरलेला गियेर्मो तिमोनेर हा फेलानित्सचाच. ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता जोआन यानेरास पोर्रेरेसचा, तर आजचा व्यावसायिक सायकलपटू एन्रिक मास आर्ताचा. बेट बाहेरच्यांना सायकली भाड्याने देते, पण सायकल इथल्यांना नवी नाही.

मैदानातून परतताना हिशेब ठेवायचा तो एंबात या वाऱ्याचा. दुपारी जमीन तापली की हा वारा समुद्राकडून आत वाहतो. उपसागराकाठी उतरलेल्या माणसाला शेवटचे वीस किलोमीटर, नेमके थकलेले असताना, तो तोंडावर झेलावा लागतो.

हंगाम फेब्रुवारी ते मे आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर. व्यावसायिक संघ हिवाळ्यातच सरावाला येतात, आणि १९९२ पासून त्यांच्या वर्षारंभीच्या शर्यतीही इथे होतात. हौशी लोकांसाठी एप्रिलअखेरीची ‘मायोर्का ३१२’ मोठी. २०१० साली ती सुरू झाली तेव्हा बेटाची ३१२ किमी.ची प्रदक्षिणा होती. नंतर मार्ग बदलून त्रामुंतानातून नेला, अंतराचा हट्ट मात्र सोडला नाही. चढाई सुमारे ५,००० मी. आणि त्या दिवशी रस्ते मोटारींना बंद. कमी अंतराचे पर्यायही असतात.

कायद्याने मोटारीने सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडावे लागते आणि दोघांनी शेजारी-शेजारी सायकल चालवायला मुभा आहे. भारतातून जाणाऱ्याला दोन गोष्टी अंगवळणी पाडाव्या लागतात. वाहतूक उजव्या बाजूने चालते, हे सगळ्यांना ठाऊक असते. दुसरी लक्षात येत नाही. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो, युरोपात भाड्याने मिळणाऱ्या सायकलींना तो डाव्या हाताला. सायकल ताब्यात घेताना दुकानदाराला सांगून तारा बदलून घेता येतात. ते सा कालोब्राच्या पहिल्या वळणाआधी केलेले बरे.